उणे 33 आणि सहा कोंबड्या

"एवढी थंडी आहे तर त्यांना घरात का घेत नाहीस गं?" दर हिवाळ्यात आईचा फोनवर हाच प्रश्न. पण घरातल्या उबेतून पुन्हा बाहेर सोडल्या तर त्यांना तो फरक सोसणार नाही. कोंबडीचं अंग मुळातच 41 अंशांच्या आसपास गरम असतं, वर पिसांची रजई. खरी अडचण तिच्या तुऱ्याची. तिथे पिसं नाहीत.

हे मला अमेरिकेत, मिनियापोलिसच्या पहिल्या हिवाळ्यात ठाऊक नव्हतं. कोकणात आजी पावसाळ्याआधी खुराड्याला गोणपाट बांधायची, ते आठवून मी बबल रॅप आणि टेप घेऊन एकूण एक फट बुजवली. सहा जणींचा रात्रभराचा श्वास आणि विष्ठेची ओल जाणार कुठे? सकाळी छताला आतून बर्फाचा थर, आणि दार उघडलं की अमोनियानं डोळे चुरचुरायचे. डिसेंबरात लेगहॉर्न जातीच्या पांढऱ्या कोंबडीच्या तुऱ्याची टोकं काळी पडली, पुढे गळूनही गेली. शेजारचे आजोबा शेतावर वाढलेले. खुराड्यात डोकावून एवढंच म्हणाले, "यांना थंडी नाही, ओल मारते."

आईला सांगितलं तर ती हसली. आजी म्हणे फक्त पश्चिमेची, वाऱ्याची बाजू झाकायची. कौलांखालची फट तिनं कधीच बुजवली नाही. मला नेमकं अर्धंच आठवलं होतं!

मग छताजवळचे झरोके मोकळे केले, दांडीवर बसलेल्या कोंबड्यांना झोत लागणार नाही इतके उंच. गोल दांडी काढून चार बोटं रुंद सपाट फळी लावली, म्हणजे बसल्यावर पायाची बोटं पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. खाली लाकडाच्या भुशाचा जाड थर, झोपायच्या आधी मूठभर मका. तापवणारा दिवा मात्र लावला नाही. भुसा, पिसं आणि लालबुंद बल्ब हे त्रिकूट मला बघवत नाही. इथे त्यानं खुराडी पेटतात. वीज लागते ती फक्त पाण्याच्या भांड्याखालच्या हीटरला, कारण पाणी गोठलं की कोंबडी खाणंही कमी करते.

30 जानेवारी 2019. पारा उणे 33 सेल्सियस, वाऱ्यामुळे उणे 48 वाटणारा. त्या दिवशी टपालसुद्धा वाटलं नाही. तीन थर कपडे चढवून मी तासातासाला अंगणात. सहाही जणी फळीवर फुगून एकमेकींना चिकटलेल्या, मला बघून जागच्या हलल्यासुद्धा नाहीत. अंड्यांची फार आशा नव्हतीच. दिवस लहान झाले की त्या अंडी देणं कमी करतात, थंडी असो नसो. संध्याकाळी एक मिळालं, गोठून उभं तडकलेलं. पांढरं होतं, म्हणजे लेगहॉर्नचंच.