बोपदेव–सासवड–दिवे घाट फेरी आणि सतत सैल होणारे डावे पेडल

पुण्याहून कोंढवा, खडी मशीन चौक आणि येवलेवाडीमार्गे बोपदेव घाट चढायचा, भिवरी-चांबळीवरून सासवड गाठायचे आणि दिवे घाट उतरून वडकी-हडपसरमार्गे शहरात परतायचे, ही साधारण 60 किलोमीटरची फेरी पुण्यातील सायकलस्वारांना नवीन नाही. पावसाळा ओसरल्यावर आम्ही दोघे ती करण्यास निघालो आणि सहकाऱ्याच्या सायकलीचे डावे पेडल जागेवर कसे राहील, याच विवंचनेत निम्मी वाट सरली. म्हणून घाटाचे सौंदर्यवर्णन इतरांवर सोपवून मी पेडलविषयीच लिहितो.

येवलेवाडी सोडल्यावर चढ सुरू होताच डाव्या पायाखाली दर फेऱ्याला ‘कट्’ असा आवाज येऊ लागला. अशा वेळी लगेच पाना लावण्याआधी नेमके काय हलते आहे हे पाहावे. संपूर्ण क्रँक (ज्याच्या टोकाला पेडल बसते तो हात) सायकलीच्या सांगाड्याच्या तुलनेत हलत असेल, तर दोष क्रँकच्या बोल्टमध्ये किंवा दोन्ही क्रँकना जोडणाऱ्या मधल्या एक्सलमध्ये असतो. पेडलचा पाय ठेवण्याचा भाग स्वतःच्या दांड्यावर डुगडुगत असेल, तर आतील छर्रे किंवा त्यांना धरून ठेवणारे शंकूच्या आकाराचे नट (कोन) सैल झालेले असतात. दांडाच क्रँकच्या भोकात हलत असेल, तरच प्रश्न आट्यांचा असतो. आमच्याकडे हा तिसरा प्रकार होता.

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे अनेकांना ठाऊक असते. तरी घाटाच्या कडेला, घामाघूम अवस्थेत, हात सवयीने चुकीच्या दिशेला वळतो. पाना दांड्यापासून वर उभा धरावा आणि त्याचे वरचे टोक पुढच्या चाकाकडे ढकलावे, की दोन्ही बाजूंची पेडले घट्ट होतात. मागच्या चाकाकडे ओढल्यास दोन्ही सुटतात. उलट्या आट्यांमागे कारण आहे. पायाचा भार दांड्यावर सतत फिरत्या दिशेने पडतो आणि भोकातील सूक्ष्म फटीमुळे दांडा भार फिरण्याच्या उलट दिशेने किंचित सरकत राहतो. मुठीत सैल धरलेली पेन्सिल टोकाने गोल फिरवून पाहिल्यास हे लगेच कळते. आटे या सरकण्याने घट्ट होत जातील असे ठेवलेले असतात. त्यामुळे योग्य बसवलेले पेडल सहसा आपोआप सुटत नाही, आणि सुटत असेल तर ते मुळात पुरेसे आवळलेले नाही, आतील बेअरिंग जाम होऊन दांड्याला सोबत फिरवते आहे, किंवा आटेच खराब झाले आहेत, असे समजावे.

पहिली शक्यता रस्त्यावर पूर्णपणे दूर करणे अवघड असते. पेडलला साधारण 35 ते 40 न्यूटन-मीटर आवळ लागते. 30 सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर सुमारे 12 किलो भार दिला की ती मिळते; खिशातल्या घडीच्या हत्यारातील 8 सेंटीमीटरच्या ॲलन कीवर (षट्कोनी दांडीच्या किल्लीवर) तीच आवळ मिळवायची तर 45 किलोच्या आसपास जोर लागेल. आम्ही त्या छोट्या कीने आवळले आणि घाटाच्या मध्यावर पेडल पुन्हा सैल झाले, यात नवल नव्हते. पेडलसाठी 15 मिलिमीटरचा, पातळ तोंडाचा पाना लागतो. जाड तोंडाचा पाना पेडल आणि क्रँक यांच्यामधील फटीत शिरत नाही. अनेक पेडलांना ॲलन कीसाठी भोकच नसते, हे निघण्याआधी पाहून ठेवावे.

घाटमाथ्यावर पेडल पूर्ण काढले तेव्हा खरे कारण दिसले. बेअरिंग हाताने सहज फिरत होते, पण आट्यांत चकचकीत ॲल्युमिनियमचा कीस अडकला होता आणि दांड्याची कड क्रँकच्या पृष्ठभागावर तिरकी टेकत होती. म्हणजे यापूर्वी कोणत्या तरी दुकानात पेडल तिरके सुरू करून जोराने आत घातले गेले होते. दांडा पोलादी आणि क्रँक ॲल्युमिनियमची असली, की अशा वेळी मार क्रँकच्या आट्यांनाच बसतो. हे प्रत्येकाने ध्यानात ठेवावे: नवे पेडल पहिले तीन-चार फेरे बोटांनीच फिरवावे, आणि बोटांनी फिरत नसेल तर पान्याला हात लावू नये.

सासवडच्या एका सायकल दुरुस्तीवाल्या काकांनी आटे कापडाने पुसले, तेच डावे पेडल क्रँकच्या आतील बाजूने सावकाश घालून पूर्ण फिरवले, कारण त्या बाजूचे आटे शाबूत होते आणि त्यांच्या आधाराने बाहेरचे सरळ होतात. मग ग्रीस लावून लांब पान्याने योग्य बाजूने आवळले. ग्रीसमुळे पेडल सैल होते हा गैरसमज आहे. कोरडे आटे गंजून चिकटतात आणि पुढे काढताना तुटतात.

दिवे घाटाच्या माथ्यावर पेडल पुन्हा तपासले, तर किंचित ढिले झाले होते. घाट उतरताना खड्ड्यांवर पेडलांवर उभे राहण्याची सवय असते. अशा स्थितीत उजवे पेडल खाली ठेवून सारा भार त्यावरच घ्यावा. पेडल हाताने हलत असेल, तर सासवडहून टेम्पो करावा, कारण उतारावर ते निखळले तर तोल सावरणे अशक्य होईल.

पुण्यात परतल्यावर फक्त डावी क्रँक बदलली. ती सुटी मिळते, मात्र लांबी आणि एक्सलचा प्रकार जुळला पाहिजे. आमच्याकडे 170 मिलिमीटर आणि चौकोनी एक्सल होता. आटे मोठे करून आत बुश (नवे आटे असलेली धातूची छोटी नळी) बसवण्याचाही पर्याय आहे, पण क्रँक महागडी असेल तरच तो खटाटोप करावा. जुन्या काळ्या सायकलींच्या पोलादी क्रँकना हा त्रास क्वचित होतो. तिथे असाच आवाज आला तर आधी कॉटर पिनचे (क्रँक एक्सलवर पक्की धरणाऱ्या पाचरेचे) नट पाहावे. नवी क्रँक बसवल्यानंतर मात्र पहिल्या लांब फेरीनंतर तिचा बोल्ट आणि पेडल दोन्ही एकदा पुन्हा आवळून घ्यावीत.