पडवीतली दोन मीटरची मांडवी

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या पडवीत अॅक्रिलिकची एक लांबडी टाकी आहे, २ मीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद, आणि घरी येणारा प्रत्येक माणूस पहिलं विचारतो की ह्यात मासे कुठेत. मासे नाहीत हो, लाटा आहेत. मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो, बारावीतल्या भाच्याच्या प्रोजेक्टचं निमित्त करून ही बनवून घेतली, म्हणजे प्रोजेक्ट त्याचं आणि हौस माझी. पहिल्या दिवशी सिलिकॉन सुकायच्या आधीच पाणी भरलं आणि अर्ध्या तासात सगळं पडवीभर. आईने काही न बोलता गोणपाट आणून टाकलं, तेवढं पुरे होतं.

दुसऱ्या खेपेला १० सेंटिमीटर पाणी भरलं, म्हणजे ४० लिटर. दोघांनी मिळून एक टोक जरासं उचलायचं आणि हळूच खाली ठेवायचं, बस, पाणी झोपाळ्यासारखं ह्या टोकाला चढतं मग त्या टोकाला. दहा हेलकावे मोजले, ४१ सेकंद. आता हिशोब बघा, उथळ पाण्यात लांब लाटेचा वेग म्हणजे गुरुत्वाकर्षण गुणिले खोली, त्याचं वर्गमूळ, तो इथे सेकंदाला जवळजवळ १ मीटर येतो, जाऊन परत यायला ४ मीटर, म्हणजे एका हेलकाव्याला चार सेकंदांच्या किंचित वर. जमलं की! भाचा म्हणाला जोरात हलवूया, लवकर येईल. हलवलं. लाट मोठी झाली, पडवी परत ओली झाली, वेळ मात्र तेवढाच.

मग पोटॅशियम परमँगनेटचे खडे टाकले आणि मला स्वतःलाच मजा वाटली, कारण पुस्तकात शंभरदा शिकवलेलं असतं पण बघितलेलं नसतं. टाकीच्या मधोमध पाण्याची पातळी वरखाली होतच नाही, आपल्याला वाटतं तिथे सगळं शांत आहे, पण जांभळा रंग तिथेच सगळ्यात जास्त पळतो. टोकाला पाणी सेंटिमीटरभर चढलं तर मधलं पाणी इकडे सहा आणि तिकडे सहा सेंटिमीटर सरकतं. आणि अगदी तळाला चिकटलेला रंग, मिलिमीटरभर जाडीचा, तो मागेच राहतो. तळ आणि भिंती पाण्याला धरून ठेवतात आणि हेलकावा हळूहळू मरतो तो ह्यांच्यामुळे.

ह्यावरून आजी आठवली. विहिरीवरून कळशी आणताना ती वर फणसाचं पान टाकायची, पाणी हिंदकळू नये म्हणून. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या लोकांनी २०१५ साली फेसाचा प्रयोग छापला, त्यात बुडबुड्यांचे पाचेक थर असले तरी द्रवाचं हिंदकळणं खूप कमी होतं असं दाखवलंय, आणि त्यातही भिंतीला घासणारे बुडबुडेच खरं काम करतात. फेसाळ कॉफी सांडत नाही ती त्यामुळे. आजीचं पान म्हणजे पाण्यावर ठेवलेली आणखी एक भिंतच म्हणायची.

पण भिंत लाटेला फक्त खातेच असं नाही. १८३४ साली एडिंबराजवळच्या कालव्यात जॉन स्कॉट रसेल ह्या स्कॉटिश इंजिनिअरने एक एकटीच लाट बघितली, बोट थांबली तरी ती पुढे निघाली आणि हा घोड्यावरून मैल-दोन मैल तिच्या मागे. उघड्या समुद्रात अशी लाट चहूकडे पसरून विरली असती, कालव्याच्या दोन काठांनी तिला पसरू दिलं नाही. (आमच्याकडे गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्याच्या काठाने घोडा पळवून बघा, चिखलात जाल.) आम्ही टोकाला फळी लावून मागे थोडं जास्त पाणी साठवलं आणि फळी झटकन उचलली, तशीच एक लाट निघाली, समोरच्या भिंतीवर आपटून उलटी. भाचा ओरडला, "मामा, पळय, ल्हार परतून आयली!" म्हणजे बघ, लाट परत आली.

मग मला आमची मांडवी नदी सुचली. भरतीची लाट नदीत आत शिरते तेव्हा तळाच्या घर्षणाने ती लहान व्हायला हवी, पण दोनापावलाच्या एनआयओच्या, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी मोजलंय की मांडवी आणि झुआरीत साधारण ४० किलोमीटर आतपर्यंत तिची उंची फारशी घटत नाही, कारण नदी आत आत अरुंद होत जाते, घर्षण जेवढं नेतं तेवढं काठ आवळून परत देतात. आम्ही प्लायवूडच्या दोन पट्ट्या टाकीत तिरक्या उभ्या केल्या, २० सेंटिमीटरचं तोंड ५ वर आणलं. रुंदी चौथाई झाली की कागदावर लाट दुप्पट उंच व्हायला हवी. आमची २ सेंटिमीटरची लाट तीनच्या आसपास गेली. बाकीचं घर्षणाने नेलं, थोडं पट्ट्यांवरून उलटं परतलं, आणि थोडं सरळ सरळ प्लायवूडच्या फटीतून गळलं, ते प्रोजेक्टच्या वहीत लिहिलेलं नाही.

सध्या अरुंद टोकाला काथ्याचा गठ्ठा कोंबून ठेवलाय, परतणारी लाट त्यात बरीच जिरते. पुढच्या रविवारी तळाला उतार द्यायचाय, प्लायवूड फुगलं नसेल तर.