भाच्याला एल्कची सोडत लागली

मे महिन्यात रात्री अकराला भाच्याचा फोन. "मामा, सोडत लागली!" मला वाटलं म्हाडाची. निघाली एल्कची.

तो अमेरिकेत, युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत असतो. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, मोठा नर तीनशे किलोच्या घरात. युटात काही भागांत जंगल सरकारी, फिरायला मोकळं, पण शिकारीचे परवाने मोजकेच. अर्ज भरायचा, नाही लागलं की एक बोनस पॉइंट जमा. निम्मे परवाने सगळ्यांत जास्त पॉइंटवाल्यांना, बाकीचे नशिबावर. एकदा लागली की पुढची पाच वर्षं त्या सोडतीत अर्ज नाही. ह्याने नऊ वर्षं भरले. म्हणून आनंद जेवढा, धास्ती तेवढीच.

मला विचारायचं कारण माझे आजोबा. गुहागरकडे आमच्या भातात डुकरं शिरायची, आजोबा ठासणीची बंदूक घेऊन मळ्याच्या कडेला बसत. पुढे कायदे कडक झाले, पारध संपली. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा व्हायचं, एवढंच त्या बंदुकीचं काम उरलं.

भाचा दुर्बिणी नि बूट यांचे फोटो पाठवत होता. मी म्हटलं, ते राहू दे, वाऱ्याचं बघ. आजोबांच्या कनवटीला चुलीतल्या राखेची पुरचुंडी असे. चिमूटभर सोडायची, राख जाईल तिकडे आपला वास जातो. डुकराला काय नि एल्कला काय, डोळ्याला एक वेळ चकवाल, नाकाला नाही.

आपल्याकडे दिवसा खारा वारा, रात्री मतलई. डोंगरातही तसंच. पहाटे गार हवा उतारावरून खाली वाहते, ऊन चढलं की उलटी वर. एल्क रात्री खाली चरतात, उजाडताना वर झाडीत बसायला जातात. तेव्हा पहाटे त्यांच्या खालच्या अंगाने मागावर राहायचं आणि हवा उलटायच्या आत थांबायचं. नंतर जायचंच तर लांबून वळसा घालून वरून. उलटताना अर्धा तास वारा कुठेही भरकटतो. तेव्हा गप्प बसावं, हे आजोबांचं. माझ्याच्याने ते कधी झालं नाही, विडी काढायचो नि शिव्या खायचो.

दुसरं मांसाचं. सप्टेंबरात नर ओरडून साद देतात, पण दुपारी ऊनही असतं. कातडं लगेच उतरव, मांड्या सुट्या करून सावलीत वारं लागेल अशा टांग. हाडाशी ऊब राहते, तिथूनच नासतं. एकेक मांडी पाठीवर वाहायची, दोघांच्या चार-पाच फेऱ्या सहज होतात. गाडीपासून किती आत मारायचं, ते बंदूक उचलण्याआधी ठरव. बहिणीला हे सगळं ऐकूनच मळमळलं.

ऑगस्टमध्ये तो तीन दिवस नुसता डोंगर बघून आला. पावडरची छोटी बाटली घेऊन गेला होता, राख नाही. परवा मेसेज आला: "मामा, सव्वानऊला फिरला."