फोन वाजला नाही म्हणजे बरं

ऑगस्टचा महिना, अमेरिकेच्या दक्षिणेतलं अवाढव्य विद्यापीठ, सावलीतही घामाच्या धारा. नटूनथटून आम्ही शेकडो मुली एकेका घरासमोर रांगेत उभ्या. फोन, पर्स सगळं बाहेर झाडाखाली ठेवायचं. दार उघडलं की चौकटीत एकमेकींवर रचल्यासारख्या पन्नासेक मुली टाळ्यांच्या ठेक्यावर किंचाळत गायच्या. पहिल्या घरापाशी मी चक्क एक पाऊल मागे सरकले.

हा सोरॉरिटींच्या भरतीचा आठवडा. सोरॉरिटी म्हणजे ग्रीक अक्षरांच्या नावाची मुलींची संघटना; 'घर' म्हणतात ते तिलाच. एकदा सभासद झालं की जन्मभराची. मी तेराव्या वर्षी सांगलीहून आलेली. फॉर्ममध्ये एक रकाना होता : आई, आजी, बहीण कुठल्या सोरॉरिटीत होत्या? आईचं कॉलेज विलिंग्डन. रकाना कोरा. रूममेटच्या आईने तर जुन्या सभासदांची शिफारसपत्रं सुट्टीतच गोळा केली होती. बाबा म्हणाले, "हॉस्टेलची फी भरली, मेसची भरली, आता मैत्रिणींची पण वेगळी भरायची?" आजीला फोनवर समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे दाखवायचा कार्यक्रमच की! पोहे तेवढे तुला करायचे नाहीत."

तरी इथे पसंती दोन्हीकडून असते. प्रत्येक फेरीनंतर आपण घरांचा क्रम लावायचा, घरं आपली यादी देतात आणि संगणक जुळवाजुळव करतो. ज्या घराकडे मुली हमखास परत येतात, त्याने सुरुवातीलाच जास्त मुली गाळायच्या, असं आकड्यांचं गणित असतं; उगाच कुणाची आशा लांबू नये म्हणून. हे मला फार उशिरा कळलं. तोवर आपलंच काहीतरी चुकलं असं धरून मी बाथरूममध्ये रडून घेतलं होतं.

गप्पांचं तंत्र तर अजबच. पाच मिनिटं होतात न होतात तोच दुसरी मुलगी येऊन पहिलीच्या खांद्याला हात लावते, पहिली उठते, दुसरी बसते. आपलं वाक्य अर्धंच राहतं. मुलगे, दारू, धर्म, राजकारण, पैसा हे विषय वर्ज्य. मग उरतं काय? गाव, अभ्यासाचा विषय आणि कुत्रा. माझ्याकडे कुत्रा नव्हता. माझं नाव मृण्मयी. समोरचीची नजर छातीवरच्या बिल्ल्यावर अडखळायची, आणि लगेच, "तुझे कानातले किती गोड आहेत!" त्या आठवड्यात माझ्या झुमक्यांचं इतकं कौतुक झालं, की नाव कुणी घेतलंच नाही हे माझ्याही लक्षात आलं नाही.

सकाळ सगळ्यात वाईट. कुठल्याच घराने परत बोलावलं नाही, तर आपल्या गटाची मार्गदर्शक मुलगी फोन करून सांगते. ती स्वतः कुठल्या घरची, हे त्या दिवसांत ती लपवून ठेवते. त्यामुळे सगळ्या जणी फोन पुढ्यात ठेवून बसायच्या, तो वाजू नये म्हणून. माझी १४ घरं होती; त्यांची ९ झाली, मग ५, मग २. तिसऱ्या दिवशी समोरच्या खोलीतला फोन वाजला. दुपारी तिचा पलंग रिकामा होता.

शेवटच्या रात्री मेणबत्त्या, हळू आवाजातली गाणी. बाहेर पडल्यावर कुणाशी अक्षर न बोलता पसंती भरून सही करायची. त्यात लिहिलेल्या घराचं बोलावणं आलं आणि आपण नाकारलं, तरी त्या कॅम्पसवर पुढच्या मोठ्या भरतीपर्यंत दुसरीकडे जाता येत नाही. कप्पा फाय गॅमासारख्या दक्षिण आशियाई मुलींच्या सोरॉरिटीही आहेत. ती १९९८ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात सुरू झाली. पण तेव्हा मला सगळ्यांसारखंच व्हायचं होतं.

बोलावणं आलं. पहिल्या पसंतीचं नव्हतं. पण घर चांगलं निघालं, मैत्रिणीही मिळाल्या.

पुढच्या ऑगस्टमध्ये मी दाराच्या आत होते. गाणं आठवडाभर घोकलेलं, घसा बसलेला. दुसऱ्या दिवशी दुपारी समोर एक मुलगी बसली. तिच्या बिल्ल्यावरचं नाव मला वाचता येईना, आणि मी म्हणाले, "किती छान आहेत गं तुझे कानातले!"

रात्री तिला गुण द्यायचे होते. तीन दिले की चार, आठवत नाही.