कड कुणी निवडायची?

ग्रॅनाइटच्या ओट्याला पुढून कोणती कड द्यायची, हा प्रश्न गिऱ्हाइकाला पाच मिनिटांचा वाटतो. स्वयंपाकघरे करून देण्याच्या माझ्या कामात मात्र नंतरच्या तक्रारी बहुतेक या कडेच्याच असतात. म्हणून मी चित्रे दाखवत नाही. फूटभर लांबीचे दगडाचे तुकडे नेते आणि त्यांवर पाणी ओतते. कोथरूडच्या एका घरीही तेच केले. दगड ठरलेला होता, आंध्रातल्या चीमकुर्तीचा ब्लॅक गॅलेक्सी, १८ मिलिमीटर जाडीचा.

फुल राउंड, म्हणजे वरून-खालून पूर्ण गोल कडेवरून सोडलेले पाणी खाली न पडता गोलाईला चिकटून दगडाच्या पोटाशी वळले. ओटा बसल्यावर हेच पाणी ड्रॉवरच्या तोंडावर आणि प्लायच्या उघड्या कडेवर उतरते, प्लाय फुगतो आणि बदनाम होतो सुतार. हाफ राउंडचा वरचा कोपरा गोल आणि खालचा काटकोनी असल्यामुळे बरेचसे पाणी तिथेच सुटते. खालून, कडेपासून अर्ध्या इंचावर, ग्राइंडरने बारीक खाच मारली की उरलेलेही तिथेच थबकते. ही खाच दिसत नाही, तिचे वेगळे पैसे मिळत नाहीत, म्हणून फॅब्रिकेटर, म्हणजे दगड कापून बसवून देणारे, ती हमखास ‘विसरतात’.

त्या घरच्या सूनबाईंना दगडाचे दोन तुकडे ४५ अंशांत कापून जोडलेली, दीड इंच जाड भासणारी टोकदार कड हवी होती. काळ्या दगडात सांधा छान लपतो हे खरे. पण जोडाचे टोक नाजूक असते आणि कुकर आपटला की टवका नेमका तिथलाच उडतो. हे मी सांगत असताना पोळ्या करणाऱ्या मावशी पुढे आल्या, त्या तुकड्याच्या कडेवर दोन्ही मनगटे टेकवून कणीक मळल्यासारखा जोर दिला आणि म्हणाल्या, “ताई, हे रुततंय हो.” मनगटावर लाल रेघ उमटली होती. सूनबाई हसून म्हणाल्या, “मावशी, तुमचं काम तासाभराचं.” सासूबाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, “मी आता चहापुरती.” म्हणजे त्या घरात कणीक मळणाऱ्या मावशी एकट्याच होत्या.

शेवटी टोकदार कडच ठरली. टोक तीन मिलिमीटर घासून बोथट करायचे आणि खालून खाच मारायची, एवढे मात्र मी हट्टाने करवून घेतले. घासल्यास सांधा उघडा पडेल, अशी फॅब्रिकेटरची कुरकुर होती. सांधा घट्ट भरला असेल तर तो उघडा पडण्याचे कारण नाही, हे त्यालाही ठाऊक होते.

पैसे देणाऱ्याने निवड करावी, हे मला मान्य आहे, तरी त्या लाल रेघेइतकी चोख चाचणी माझ्या कोणत्याही नमुन्याने केलेली नाही. ओट्याची ३४ इंच उंचीही सूनबाईंच्या मापाने ठरली होती. मावशी त्यांच्याहून वीतभर ठेंगण्या आहेत.