तुम्ही विचारलंत म्हणून : सेना मेडल कशाबद्दल?

दर २६ जानेवारीला कुणीतरी विचारतंच. शाळेत, सोसायटीच्या झेंडावंदनाला, एकदा तर दाढ काढताना डेंटिस्टने. "सर, सेना मेडल नेमकं कशाबद्दल?" पाठोपाठ, "मग वीर चक्र का नाही?" आणि ओळख जरा वाढली की, "मेडल असून लेफ्टनंट कर्नलच कसे राहिलात?"

शेवटच्याचं उत्तर सोपं आहे. मेडल एकदा मिळतं, एसीआर, म्हणजे कामाचा गोपनीय अहवाल, दरवर्षी लिहिला जातो, आणि माझे एसीआर बेताचे होते. सिलेक्शन बोर्डाने मागे ठेवलं, टाइम स्केलने, म्हणजे नुसत्या नोकरीच्या वर्षांवर, लेफ्टनंट कर्नल झालो, त्याच रँकवर घरी आलो. त्याचं मला आता काही वाटत नाही. फारसं.

पहिल्या प्रश्नाला मी "एकाहत्तरच्या युद्धात, पाकिस्तानातल्या शकरगडला, माइनफील्डमधून दारूगोळा नेला" एवढं सांगून चहाकडे वळतो. ते खोटं नाही. सायटेशनमध्ये, म्हणजे मेडलसोबतच्या मानपत्रात, तसंच आहे.

मी पलटणीचा ॲडज्युटंट, म्हणजे कमांडिंग ऑफिसरचं (सीओचं) कामकाज बघणारा अधिकारी होतो, कॅप्टन, वय सव्वीस. आमची एक कंपनी सुरुंगांपलीकडे जाऊन बसलेली, वायरलेस बंद, गोळ्या संपत आलेल्या. इंजिनियर्सची लेन, म्हणजे सुरुंग काढून केलेली वाट, अजून व्हायची होती. मी, पायोनियर प्लाटूनचा (पलटणीतली सुरुंग-खोदकामाची तुकडी) एक नाईक हुद्द्याचा जवान आणि पेट्या वाहणारे चार जवान निघालो. नाईक साताऱ्याकडचा. तो सगळ्यांत पुढे, पोटावर. संगीन तिरकी धरायची आणि मातीत हलकेच खुपसायची. सरळ खुपसली तर टोक सुरुंगाच्या डोक्यावर बसतं, तिरकी गेली तर कडेला लागतं. लागलं की बोटांनी माती सारायची, पांढरी फीत टाकायची, पुढे सरकायचं. धुक्यात मला त्याच्या बुटांचे तळवे तेवढे दिसत होते. डाव्याचा एक खिळा निघालेला. सगळ्या वाटेत तो एकदाच बोलला, "साहेब, फितीबाहेर कोपर टाकू नका." पोचलो. परतताना, आपल्याच फितीच्या कडेला, त्याचा तो डावा पाय गेला.

१७ डिसेंबरला युद्धबंदी झाली. मग शिफारशींचे कागद. माझी सीओसाहेबांनी स्वतः लिहिली, त्यांचं इंग्रजी उत्तम. जवानांच्या सात मी लिहायच्या होत्या, सकाळी ब्रिगेडला जाणाऱ्या गाडीत द्यायच्या होत्या. कंदील, टाइपरायटर, बधिर झालेली बोटं. चौथीपर्यंत 'जिवाची पर्वा न करता' हेच वाक्य तिसऱ्यांदा टाइप झालं होतं. नाईकाची सहावी. त्याच्या कामाचा प्रत्यक्षदर्शी अधिकारी मी एकटाच, आणि त्याच कामासाठी माझीही शिफारस चाललेली. मी लिहिलं, ॲडज्युटंटला वाट काढण्यात त्याने 'असिस्ट' केलं. साडेचार ओळी. संगीन नाही, पोटावर सरकणं नाही, पुढे कोण होतं तेही नाही.

दमलो होतो म्हणून? इतकी वर्षं मी हेच म्हणत आलो. पण सातवी, ज्यात माझा काही संबंध नव्हता, तिच्या चौदा ओळी आहेत. ती त्याच रात्री, त्याच्यानंतर लिहिली.

त्याला काही मिळालं नाही. डिसपॅचेसमधला उल्लेख, म्हणजे शौर्याची साधी नोंद, रिबनवरचं ते कमळाचं पानसुद्धा नाही. डिसॅबिलिटी पेन्शन मिळाली.

१९९९ साली, कारगिलच्या सायटेशन पेपरात छापून येत होत्या तेव्हा, त्याचा मुलगा पत्ता शोधत घरी आला. नाईक वारला होता. मुलाने चहा संपवला, कप बशीत ठेवला आणि विचारलं, "साहेब, आमच्या आबांचं नाव गेलं होतं का हो?"

"गेलं होतं," मी म्हणालो. "वर अडलं."

मान हलवून तो उठला. जाताना पाया पडला.

वर खरंच अडलं. ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड, मुख्यालय, एवढ्या टेबलांवर कुठेतरी कुणीतरी साडेचार ओळी वाचून कागद खाली ठेवला असणार. मीही ठेवला असता. शिवाय पुढे जायचा हुकूम माझा होता, वायरलेस सेट माझ्या पाठीवर होता, परतताना जखमी नाईकाला मी आणि एका जवानाने ओढून आणलं. मीसुद्धा तिथे होतो ना? सव्विशीतल्या त्या कॅप्टनला मी हे विचारतो तेव्हा तो हो म्हणतो. फार लगेच म्हणतो.

कार्बन कॉपी माझ्याकडे आहे. मुलाला पाठवावी असं बायको म्हणायची. पाठवून त्याच्या हाती काय पडणार? 'असिस्टेड' हा शब्द? सेना मेडलला १९९९ पासून दरमहा भत्ता आहे, २०१७ पासून तो २,००० रुपये झाला. तो माझ्या खात्यात जमा होतो, मी परत केलेला नाही, तसा विचारही केला नाही.

मेडल तुम्ही जवळून पाहिलंत का कधी? चांदीचं, गोल. एका बाजूला संगीन आहे, टोक वर केलेली. रिबन लाल, मधे पांढरी रेघ. शाळेने यंदाही बोलावलंय. लावून जाणार आहे.