सिंह, गाढव आणि पानांची सळसळ

फ्रान्समधल्या ल्याँ शहरात येऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. रविवारी सकाळी सातला मी चटणीसाठी मिक्सर लावला आणि खालच्या मजल्यावरच्या आजी गाऊनवरच वर आल्या. त्यांच्या बोलण्यातला एकच शब्द कळला: 'ब्रुई'. ब्रुई म्हणजे आवाज, गोंगाट.

पुढे फ्रेंचच्या वर्गात या ब्रुईचं मूळ क्रियापद भेटलं, 'ब्रुईर'. अर्थ विचारला तर बाईंनी खिडकीबाहेरच्या झाडाकडे बोट दाखवलं. पानांची सळसळ, ओढ्याची झुळझुळ, रेशमाची सरसर, हे सगळं ब्रुईर. मी चक्रावले. क्रियापद इतकं हळुवार, मग त्याच्या पोटचं नाम एवढं दांडगट कसं?

घरी येऊन व्युत्पत्तिकोश उघडला. लॅटिनमध्ये 'रुगीरे' म्हणजे सिंहाची डरकाळी. बोली लॅटिनमध्ये 'ब्रागेरे' म्हणजे ओरडणं, फ्रेंचमध्ये त्याचंच 'ब्रेर' झालं; आज गाढव ओरडतं ते ब्रेर. अभ्यासकांचा कौल असा, की या दोघांची सरमिसळ होऊन 'ब्रुगेरे' झालं आणि त्यातून ब्रुईर. म्हणजे दांडगाई मुळातलीच! जुन्या फ्रेंचमध्ये हे क्रियापद मोठ्या आवाजासाठीही चालायचं. नाम गोंगाटातच राहिलं, क्रियापद मात्र हळूहळू पानांत जाऊन बसलं. 'गोंगाट करणारा' या अर्थाचं 'ब्रुइयाँ' हे विशेषणही या क्रियापदाचंच जुनं रूप, आणि तेही अजून मोठ्यानेच बोलतं.

बिचारं क्रियापद आता लंगडंही झालंय. त्याची मोजकीच रूपं वापरात आहेत, म्हणून लोकांनी 'ब्रुइसे' असं नवं, सरळ चालणारं क्रियापद घडवलं. शुद्धतावादी त्यावर नाक मुरडतात. मला तेच सोपं वाटतं.

पण मला खरी गंमत वाटली ती ब्रुईच्या दुसऱ्या अर्थाची: अफवा. फ्रेंचमध्ये अफवा उठत नाही, 'ब्रुई धावतो'. आणि गुपित फोडून गावभर करणं म्हणजे 'एब्रुइते'. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, बोभाटा. त्यातही आरडाओरडा आणि चव्हाट्यावर येणं एकत्रच नांदतात.

माझ्या मिक्सरचंही तेच झालं. सोमवारी लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या काकांनी हसून विचारलं, "काल सकाळी काय शिजत होतं?"